शेजारणीचा गुडघा

आमच्या शेजारी कोण राहतं हे मला आमच्या प्लंबरने सांगितलं, आणि तेही आम्ही कॅसल हिलच्या या घरात येऊन दोन वर्षं झाल्यावर.

तो किचनच्या सिंकखाली अर्धा आत घुसून पाइप बदलत होता. पाठ मोकळी करायला म्हणून उठला, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि पाना हातातच राहिला. पलीकडच्या अंगणात शेजारीण लिंबाच्या झाडाला पाणी घालत होती. नेहमीसारखीच, ढगळ शर्ट, उन्हाची टोपी, उजवा पाय जरा ओढत. "मेट," प्लंबर देवळात शिरल्यासारखा आवाज खाली आणून म्हणाला, "तुझ्या शेजारी ती राहते?"

"ती म्हणजे कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. या देशाचं नागरिकत्व घेताना मी परीक्षा दिली होती, शपथ घेतली होती, समारंभात मिळालेलं झाडाचं रोपसुद्धा घरी आणून लावलं होतं. त्या एका नजरेपुढे ते सगळं फुकट गेलं. त्याने साबण लावून हात धुतले, केसांवरून ओला हात फिरवला आणि मागच्या दाराने कुंपणापाशी गेला. "हाउज द नी?" त्याने ओरडून विचारलं. गुडघा कसा आहे? ती वळली, हसली आणि म्हणाली, "हॅड बेटर, मेट." याहून बरा होता कधीतरी. बस, एवढंच. प्लंबर प्रसाद मिळाल्यासारखा परत आला आणि उरलेलं काम त्याने शीळ घालत केलं.

संध्याकाळी मुलगी शाळेतून आल्यावर मी तिला विचारलं.

"बाबा, सीरियसली?" ती म्हणाली. "वी डिड हर इन इयर फोर. एव्हरीवन नोज." म्हणजे चौथीत ती त्यांना अभ्यासाला होती.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"शी आस्क्ड मी नॉट टु. आजीला तर अजिबातच सांगू नको म्हणाली."

शेवटचं वाक्य तिने चक्क मराठीत म्हटलं, म्हणून मी ते ऐकलं. लक्ष मात्र दिलं नाही, कारण तोवर मी फोनवर शेजारणीला शोधायला लागलो होतो.

पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून, वाटेत रोवलेल्या काठ्यांना वळसे घालत, हायवेवरच्या मोटारीच्या वेगाने खाली यायचं आणि जो सगळ्यांत कमी वेळात खाली पोचेल तो जिंकला, असा हा खेळ. समुद्र, ऊन आणि क्रिकेटच्या देशात त्याचं कुणाला काय पडलेलं असणार? बर्फ इथे एका कोपऱ्यातल्या डोंगरांवर पडतो, आणि तोही पडला तर पडला. पण आमची शेजारीण तरुणपणी युरोपातल्या पोरींना त्यांच्याच डोंगरावर हरवून आली होती, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. आणि शेवटच्या मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सरावात तिचा गुडघा गेला होता. डॉक्टर नको म्हणत असताना ती उतरली, जिंकली, आणि खाली पोचल्यावर बर्फातच बसून राहिली. कुणीतरी तोंडासमोर माइक धरून विचारलं, गुडघा कसा आहे? धापा टाकत ती म्हणाली, "हॅड बेटर."

झालं. तेव्हापासून हा देश ते वाक्य बोलतो आहे. कपांवर छापलंय, चहाच्या नॅपकिनांवर छापलंय. आमच्या ऑफिसात सर्व्हर बंद पडला की आमचा मॅनेजर कॉम्प्युटरवर थाप मारून म्हणायचा, "हाउज द नी?" आणि सगळे एका सुरात, "हॅड बेटर!" मीही म्हणायचो, मीही हसायचो. इतकी वर्षं कशाला हसत होतो कोण जाणे.

तिला खेळ सोडून आता चाळीसेक वर्षं होत आली असतील. नंतर कितीतरी जण आले, जिंकले, विसरले गेले. ती मात्र राहिली. एकदा हे कळल्यावर मला ते जिकडेतिकडे दिसायला लागलं. फार्मसीत लोक रांगेतला आपला नंबर तिला देऊ करायचे. पोस्टमन तिच्या दारात स्कूटर बंद करायचा, आमच्या दारात चालूच ठेवायचा. सायकलवरून जाणारी, तिने खेळ सोडला तेव्हा जन्मलेलीसुद्धा नव्हती अशी पोरं हात वर करून ओरडायची, "हाउज द नी?" आणि ती प्रत्येकाला तेच उत्तर, तितक्याच आनंदाने द्यायची. कधी कंटाळली नाही, कधी चिडली नाही. सगळा देश तिला गुडघ्याचं विचारत होता आणि खरं उत्तर कुणालाच नको होतं.

ते फक्त माझ्या आईला हवं होतं.

आई त्या वर्षी आमच्याकडे होती. वडील गेल्यावर कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ती एकटी नको म्हणून मी तिला इकडे आणली, आणि इथे जास्तच एकटी करून ठेवली. सकाळी मी मेट्रोने सिटीत, बायको गाडी घेऊन वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मुलगी शाळेत. मागे उरायची आई आणि एक लांबच लांब रस्ता, ज्यावर दिवसभर माणूस दिसत नाही. ती खिडकीत बसून समोरच्यांच्या कुत्र्याची दिनचर्या सांगायची. मी ऐकायचो, पण एक डोळा मीटिंगवर ठेवून.

एकदा कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायच्या दिवशी तिने पाहिलं की शेजारीण लाल झाकणाचा मोठा डबा ड्राइव्हवेवरून खाली आणतेय, आणि दर चार पावलांवर थांबतेय. आई चपला घालून गेली, काही न बोलता डबा तिच्या हातातून ओढून घेतला आणि रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला. मग तिच्या गुडघ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पेन?" ती सवयीने हसून म्हणाली, "हॅड बेटर." आईला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. तिने तिथल्या तिथे वाकून पँटवरूनच गुडघा चाचपला आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर सुजलाय! बरा कुठला? चल, बस."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गॅरेजमध्ये दवाखाना सुरू झाला. एक प्लॅस्टिकची खुर्ची शेजारणीला, एक पाट आईला. तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण टाकून ते कोमट करायचं आणि अर्धा तास गुडघा चोळायचा. त्याने गुडघा बरा होत होता अशातला भाग नाही. शेजारणीचे जगातले उत्तमोत्तम सर्जन करून झाले होते. पण ती रोज दुपारी यायची. पँट वर दुमडून पाय लांब करून बसायची, आणि आई तिला रागवायची. "हलू नकोस. काल परत बागेत वाकलीस ना? खोटं बोलू नकोस, माती दिसतेय नखांत." शेजारीण इंग्रजीत काहीतरी सांगायची. आई मराठीत उत्तर द्यायची. दोघींचं काही अडायचं नाही.

माझं अडायचं. मला लाज वाटायची. घरून काम करायच्या दिवशी लसणाच्या तेलाचा वास गॅरेजमधून माझ्या मीटिंगपर्यंत यायचा. एका अनोळखी गोऱ्या बाईची पोटरी मांडीवर घेऊन माझी आई पाटावर बसलीय, नऊवारी नसली तरी पदर खोचून, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल याची मला धास्ती. मी आईला एकदा म्हटलंसुद्धा, "इथे असं चालत नाही. लोकांच्या अंगाला हात लावत नाहीत."

"गुडघा दुखतोय तिचा," आई म्हणाली. "त्यात इथलं काय आणि तिथलं काय?"

कधीकधी मी दुभाषा म्हणून जाऊन उभा राहायचो. मग दोघी गप्प व्हायच्या, आणि मी जायची सभ्यपणे वाट बघायच्या. एकदा दाराआडून ऐकलं, आई तिला वडिलांच्या शेवटच्या महिन्याबद्दल सांगत होती. ते औषध घ्यायला तोंड उघडायचे नाहीत, आणि एकदा ती त्यांच्यावर ओरडली होती, ते. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. शेजारीण एक शब्द न कळता ऐकत होती आणि आईच्या तेलकट हातावर तिने आपला हात ठेवला होता. तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की तिच्या बाहीला डाग पडणार.

आणि अशात प्लंबर आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मॅनेजर हातातली कॉफी ठेवून माझ्या टेबलापाशी आला. आला म्हणजे खुर्ची ओढून बसला. मी या देशात आल्यापासून कुणी माझ्यापुढे खुर्ची ओढून बसलं नव्हतं. ती कशी आहे, काय खाते, गुडघा खरंच दुखतो का? मी सांगत सुटलो. माझी आई तिची मैत्रीण आहे, रोज आमच्याकडे येते. तेलाचं सांगितलं नाही. "चहाला येते" म्हणालो. त्या दुपारी मला लंचला बोलावलं गेलं. मला फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याच्या दिव्यात आपलं घर उजळत असेल तर कोण पडदे लावून घेतं?

मग मंडळाची मीटिंग झाली. आमचं मराठी मंडळ दर वर्षी शाळेचा हॉल भाड्याने घेऊन गणपती बसवतं, आणि प्रमुख पाहुणा म्हणून कुणाला बोलवायचं यावर दर वर्षी भांडण होतं. बहुतेक वेळा कौन्सिलमधलं कुणीतरी येतं, मोदकाला डम्पलिंग म्हणतं आणि जातं. मी त्या कमिटीत होतो, म्हणजे खुर्च्या लावणाऱ्यांत होतो. त्या दिवशी मी तोंड उघडलं आणि सगळा हॉल माझ्याकडे वळला. आमचे अध्यक्ष, जे तोवर मला नेहमी दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारायचे, ते उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, तू हे इतके दिवस दाबून ठेवलंस?"

बायको घरी म्हणाली, "तू नको पडूस यात. तिला आवडत असतं तर तिने स्वतःच सांगितलं असतं."

मी पडलो. रविवारी सकाळी कुंपणापाशी जाऊन शेजारणीला आमंत्रण दिलं. तिने बागेचे हातमोजे काढले. म्हणाली, मी आता असल्या कार्यक्रमांना जात नाही. मग विचारलं, "तुझ्या आईला माहितीये?"

"अजून नाही," मी म्हणालो. "पण तिला खूप अभिमान वाटेल."

ती आमच्या गॅरेजच्या बंद दाराकडे बघत राहिली. "मी नाही म्हटलं तर तू तिला सांगणार नाहीस का?" तिने विचारलं. मी हसलो. मला वाटलं ती विनय दाखवतेय. मोठी माणसं दाखवतात. मी म्हणालो, आता सगळ्यांनाच कळलंय, आईला कळल्याशिवाय कसं राहील? तेव्हा ती म्हणाली, "मग येते. ती असेल तिथे, तर येते."

त्याच दुपारी मी आईला टॅबलेटवर ती शर्यत दाखवली. पांढराशुभ्र डोंगर, त्यावरून सुसाट येणारा एक लाल ठिपका, शेवटी बर्फात बसलेली एक तरुण पोर आणि भोवती वेडी झालेली गर्दी. मी हौसेने समजावून सांगत होतो. आई म्हणाली, "ही कोण?" मी म्हणालो, "ही तुझी पलीकडची." तिने चष्मा पुसला. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा लावलं. मग मी तिला कपांचे फोटो दाखवले, बातम्या दाखवल्या, लोक तिच्याबरोबर फोटो काढायला कसे रांगा लावतात ते दाखवलं. जितकं दाखवावं तितकी आई खुर्चीत मागे सरकत गेली. शेवटी म्हणाली, "आणि मी हिला नखांत माती आहे म्हणून झापलं."

"तेच तर मी सांगत होतो तुला," मी म्हणालो. असं म्हणालो मी.

दुसऱ्या दिवशी शेजारीण नेहमीच्या वेळी आली तेव्हा आईने तिला गॅरेजमध्ये नाही, पुढच्या दाराने दिवाणखान्यात घेतलं. इस्त्रीची साडी नेसली होती. पाहुण्यांचे कप काढले, ट्रेमध्ये चकल्या ठेवल्या आणि स्वतः सोफ्याच्या कडेला टेकून बसली, हात मांडीवर ठेवून. शेजारणीने सवयीने पँटची कड धरली आणि सोडून दिली. चहा झाला, ती "लव्हली" म्हणाली आणि गेली. त्यानंतर आणखी एकदा आली. तिसऱ्या वेळी आईने आतूनच सांगायला लावलं, बरं नाही म्हणावं. मी दारात जाऊन सांगितलं. शेजारीण म्हणाली, "नो वरीज."

या सगळ्याचं मला वाईट वाटलं असेल असं कुणाला वाटेल. नाही. मला हायसं वाटलं. गॅरेजमधला वास गेला होता. आई शेवटी रीतीने वागायला लागली म्हणून मी मनात खूश होतो. आज ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

गणपतीच्या शनिवारी हॉल फुटेस्तोवर भरला. एरवी आरती संपली की मसालेभाताकडे धावणारी मंडळी खुर्च्या अडवून बसली होती. मराठी नसलेलेही कितीतरी आले होते, कुणाचे शेजारी, कुणाचे बॉस. माझा मॅनेजर सहकुटुंब आला होता. शेजारणीला आम्ही दारातच बूट काढायला सांगितले, स्टेजवर गणपती असल्यामुळे. तिने भिंतीला हात टेकून, ओठ दाबून, एकेक बूट काढला. तो उजवा बूट काढायला तिला किती वेळ लागला ते मी पाहिलं. खुर्ची आणून द्यायचं मला सुचलं नाही, कारण मी तेव्हा आमचा दोघांचा फोटो नीट आला का ते बघत होतो.

सूत्रसंचालकाने माइक हातात घेतला आणि हॉलला म्हणाला, सगळे मिळून विचारू या! सगळ्या हॉलने विचारलं, "हाउज द नी?" आजोबा-आज्यांनी विचारलं, फेट्यातल्या ढोल-ताशावाल्या पोरांनी विचारलं. तिने माइकमध्ये उत्तर दिलं. छप्पर उडेल एवढ्या टाळ्या पडल्या. मग भाषणं झाली, तीन झाली. आमचे अध्यक्ष हिमालयावर बोलले. ती सगळा वेळ एका पायावर भार देऊन उभी होती, कारण तिला बसा म्हणायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही, आणि ती हसत होती.

सत्कार ज्येष्ठ व्यक्तीच्या हस्ते करायचा असं कमिटीने ठरवलं होतं, आणि ज्येष्ठ व्यक्ती म्हणजे अर्थातच माझी आई. ते मीच सुचवलं होतं. पैठणी नेसून, शाल-श्रीफळाचं तबक घेऊन ती स्टेजवर आली. इतक्या दिवसांनी तिला बघून शेजारणीचा चेहरा एकदम सैल पडला. खरोखरची हसली ती. काहीतरी बोलायला पुढे झाली. आईने नजर वर उचलली नाही. तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. आणि मग कुणाला काही कळायच्या आत खाली वाकली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

माझी आई तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी आहे.

शेजारीण तिला उठवायला वाकायला गेली. गुडघा वाकेना. एका हातात नारळ, दुसरा हात हवेत, ती तशीच अर्धवट उभी राहिली. "नो, लव्ह," ती हळूच म्हणाली. "नॉट यू." माइक तोवर माझ्या हातात आला होता आणि तो बंद होता, म्हणून ते फक्त मला ऐकू आलं. हॉलमध्ये टाळ्यांचा नुसता कडकडाट चालला होता. अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय संस्कार आहेत बघ आपले!"

त्यानंतर फोटोंची रांग लागली. ती शेवटच्या माणसापर्यंत थांबली. आई तोवर हॉलच्या स्वयंपाकघरात जाऊन पत्रावळी पुसत बसली होती, आणि घरी येताना गाडीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती.

सोमवारी मी घरून काम करत होतो. दुपारी शेजारणीने कुंपणावरून हाक मारली. मी मनातल्या मनात आभाराचं उत्तर तयार करत गेलो. ती आभार मानायला आली नव्हती. चिडलीही नव्हती, चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू तिला सांगशील का, की तुझी चूक झाली म्हणून? ती बाई मी नव्हे. नाव सारखं आहे, चेहरा जरासा सारखा आहे, एवढंच. लोकांची होते अशी गफलत. सांग, मंडळाचीही झाली."

"पण तिने तर व्हिडिओ पाहिलाय," मी म्हणालो.

"चाळीस वर्षांपूर्वीचा आहे," ती म्हणाली. "लांबून घेतलेला. हेल्मेटमध्ये कोण ओळखू येतं? प्लीज. तू सांगितलंस तर तिला पटेल."

माझ्यापुढे एक बाई उभी होती, जिला अख्खा देश ओळखत होता, आणि ती मला गयावया करत होती की माझ्या आईला सांग, मी कुणीच नाही. मी खाली बघायला लागलो. मी खूप काही बोलू शकलो असतो. "ट्राय करतो" म्हणालो.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. घडाघडा सांगितलं, कारण थांबलो असतो तर सांगता आलं नसतं. माझी मोठी चूक झाली, ती वेगळीच बाई आहे, ही आपली साधी पलीकडची, उगाच सगळेच फसले. आईने मान वर केली नाही. माझं सांगून संपलं. तिने जुडीतली उरलेली पानं निवडली, देठं बाजूला केली.

"हे तिने सांगायला सांगितलंय ना?"

मी टेबलावरची देठं गोळा करायला लागलो.

"बोल ना."

"हो."

आई हात पुसत म्हणाली, "मी खुळी. मला वाटलं, एवढ्या मोठ्या बाईच्या अंगाला मी हात कसा लावला. मला माझीच लाज वाटत होती रे." मग माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मार द्यायच्या आधी बघायची तसं नाही; मी कुणी परका माणूस असल्यासारखं. "गुडघा मोडून मिळवलेलं नाव. ते ती टाकायला निघाली, मी तिच्यापाशी येऊन बसावं म्हणून. आणि तू ते उचलून मिरवायला नेलंस."

 

तिने कढलं काढलं, त्यात तेल ओतलं, लसूण ठेचला. कोमट झाल्यावर वाटीत घेतलं, पदर खोचला आणि मागच्या दाराने निघाली. मी मागोमाग उठलो. तिला धड इंग्रजी येत नाही, आज तरी कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं, माफी मागायला हवी, असं मला वाटलं. दारात ती वळली.

"तू नको येऊस," ती म्हणाली.

दार लागलं. मी टेबलापाशी परत आलो. मंडळाच्या ग्रुपवर शनिवारचे फोटो अजून येतच होते, एकामागून एक, आणि त्या प्रत्येक फोटोत तिच्या शेजारी मी होतो.